किक हलकी लागली म्हणून बुलेटचं इंजिन उघडू नका

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किक हलकी लागायला लागली म्हणजे पिस्टन-रिंग गेली. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायच्या गेजवर काटा १२० पीएसआयच्या खाली थांबला तर इंजिन संपलं. निळा धूर दिसला तर दुसरं काही बघूच नका. आधी जाड ऑइल टाका, नाही जमलं तर नुसत्या रिंगा बदला, बोअरिंगचा (सिलिंडर आतून मोठा कापून घेण्याचा) खर्च वाचेल. शेवटी ‘जुन्या मिस्त्रींचा अनुभव’ अशी मोहोर असते, त्यामुळे कुणी शंका काढत नाही. पण यातलं एकेक वाक्य तपासलं तर फार थोडं हाती उरतं.

‘किक हलकी म्हणजे पिस्टन गेला.’ बुलेटची किक थेट क्रँकला (पिस्टन हलवणाऱ्या दांड्याला) जोडलेली नसते. ती गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून जाते. क्लच प्लेटा घासलेल्या असतील किंवा क्लचची केबल फार ताणलेली असेल तर किक सरकन खाली जाते आणि पिस्टन जागचा हलतही नाही. इग्निशन चालू ठेवून सावकाश किक मारा आणि अ‍ॅमीटरकडे (करंट दाखवणाऱ्या काट्याकडे) बघा. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) उघडमीट झाले की काटा हलायला हवा. पाय खाली जातोय आणि काटा ढिम्म असेल तर आधी क्लच बघायचा.

काटा नीट हलतोय, तरी जोर लागत नाही? मग डीकॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडायची सोय. हँडलवरच्या त्या छोट्या लिव्हरची केबल ताठ बसली असेल तर हेडमधला (सिलिंडरच्या वरच्या झाकणातला) त्याचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि दाब तिथूनच निघून जातो. केबलला थोडी ढील हवी. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा एकही लागत नाही, बहुधा म्हणूनच कुणी बघत नाही.

त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट जुळवायची जागा), आणि खरी गोम बहुतेक वेळा इथेच असते. टॅपेटचा टकटक आवाज मालकाला सहन होत नाही, तो मेकॅनिककडे तक्रार करतो आणि मेकॅनिक आवाज जाईपर्यंत टॅपेट आवळून देतो. गाडी शांत होते, गिऱ्हाईक खूश. पण आवळलेल्या टॅपेटमुळे इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. कॉम्प्रेशन गळतं, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड हळूहळू जळते. वाजणारा टॅपेट बरा, मुका टॅपेट घातक. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (दाब देताना तो सगळ्यात वर असतो त्या जागी) आणून, उजव्या बाजूचं टॅपेटचं झाकण काढा आणि पुशरॉड (टॅपेटपासून वर व्हॉल्व्हकडे जाणारा दांडा) चिमटीत धरा. तो बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. फिरवायला जोर लागत असेल तर तुमचं कॉम्प्रेशन तिथे अडकलंय, बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या पोकळीत) नाही.

‘१२०च्या खाली म्हणजे इंजिन संपलं.’ हा आकडा कुठल्या गाडीचा, हे मजकुरात कुठेच नाही. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचं कॉम्प्रेशन रेशो आजच्या गाड्यांपेक्षा बरंच कमी आहे, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा आकडा तिला लावणं चुकीचंच. शिवाय गेज समुद्रसपाटीला जे दाखवेल ते घाटावर दाखवणार नाही. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाबच सुमारे सहा टक्के कमी, म्हणजे मुंबईत १२० दाखवणारं तेच इंजिन पुण्यात ११३च्या आसपास दाखवेल. थ्रॉटल पूर्ण उघडा नसेल तर काटा आणखी खाली येतो. ही चूक तर सर्रास होते. प्लग काढून गेज लावा, इग्निशन बंद ठेवा, थ्रॉटल पूर्ण पिळा आणि काटा वर चढायचा थांबेपर्यंत किक मारा.

त्या एका आकड्यापेक्षा पुढची पायरी जास्त बोलकी असते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, दोन-चार किका मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांतून आहे. जवळपास तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. (ही ‘वेट टेस्ट’ स्प्लेंडरसारख्या जवळजवळ आडव्या सिलिंडरवर तितकी भरवशाची नाही. ऑइल खालच्या बाजूला साचतं आणि वरची बाजू कोरडी राहते.)

कॉम्प्रेसर असलेलं गॅरेज ओळखीचं असेल तर पिस्टन टीडीसीवर ठेवून प्लगच्या भोकातून हवा द्यायला सांगा आणि कान लावा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. मात्र डीकॉम्प्रेसरही एक्झॉस्टमध्येच उघडतो, म्हणून सायलेन्सरचा आवाज ऐकून लगेच हेड उतरवू नका.

निळ्या धुराचं थोडक्यात. आठवडाभर उभी असलेली बुलेट सकाळी धूर सोडते, कारण ऑइलच्या टाकीतलं ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. काही मिनिटांत धूर थांबला तर बोअरचा संबंध नाही. उतारावर थ्रॉटल सोडून मग पिळल्यावर लोट आला तर व्हॉल्व्ह गाइडवर (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीवर) संशय घ्या. चढावर, लोड असताना सतत धूर येत असेल तर मात्र रिंगा.

‘जाड ऑइल टाका.’ जाड ऑइलनं टॅपेटची फट बदलत नाही आणि जळलेली व्हॉल्व्ह सीट भरून येत नाही. रिंगांपाशी थोडा आडोसा होतो आणि आवाज दबतो, म्हणून गाडी विकायला काढलेल्या माणसाला हा सल्ला फार आवडतो. विकत घेणाऱ्यानं मात्र ऑइल बदलल्यावर गाडी पुन्हा ऐकावी.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या रिंगा कार्बननं खाचेत चिकटलेल्या असू शकतात. त्यासाठी प्लगच्या भोकातून थोडं डिझेल आणि ऑइल सोडून रात्रभर ठेवून बघा. सकाळी प्लग न लावताच किक मारायची, आणि नंतर इंजिन ऑइल बदलायचं.

‘नुसत्या रिंगा बदला.’ बोअर खरंच गोल राहिला असेल तर चालेल. पण तो मोजायला हवा, आणि बोअर गेज नसेल तरी मोजता येतो. नवी रिंग सिलिंडरच्या अगदी तळाशी, जिथे झीज होत नाही, तिथे पिस्टननं ढकलून सरळ बसवा आणि टोकांमधली फट फीलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. मग तीच रिंग वर, टॉप रिंग जिथे घासते तिथे आणून मोजा. समजा तळाशी ०.३० मिमी आणि वर ०.६० आली. फरक ०.३०, भागिले ३.१४, म्हणजे बोअर वरच्या बाजूला साधारण ०.१० मिमीनं मोठा झालाय. तिथे नव्या रिंगा घालणं म्हणजे पैसे पाण्यात. वरच्या कडेला झीज होऊन पायरी तयार झाली असेल तर नवी टॉप रिंग तिच्यावर आपटून तुटतेही.

अशा वेळी बोअरिंग करून ओव्हरसाइज (मोठ्या मापाचा) पिस्टन हाच मार्ग. मात्र पिस्टन आधी विकत घ्या आणि तो घेऊनच बोअरिंगवाल्याकडे जा. आधी बोअर करून मग त्या मापाचा पिस्टन बाजारात शोधत फिरलात, तर दोन्हींमधली फट नशिबावर सोडलीत.