दार लावल्यावर दिसणारा रस्ता

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमधला, म्हणजे चर्चमधला, एक जुना वाद फोनवरून आणि व्हॉट्सॲपवरून परदेशातही पोहोचत राहतो. एका बाजूचं म्हणणं असं की प्रार्थनासभा, उपास, साखळी प्रार्थना पुष्कळ झाल्या. आता लोकांत जा, सेवा करा, सुवार्ता सांगा. दुसरी बाजू म्हणते, आधी गुडघे टेका. प्रार्थनेत कमी पडलो म्हणूनच काम खुंटलं. शेवटी ‘दोन्ही हवं’ असं सगळे म्हणतात आणि ज्याला जे जमतं तेच तो करत राहतो.

पाश्चात्त्य देशात राहिलं की यात तिसरी बाजू येऊन मिळते. इथे बहुतेकांच्या लेखी प्रार्थना ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, आणि खासगी गोष्ट घरातच राहावी अशी अपेक्षा असते. चर्चचं बाहेरचं काम मात्र नीट आखलेलं असतं. समिती असते, अंदाजपत्रक असतं, स्वयंसेवकांच्या पाळ्या लावलेल्या असतात, वर्षाचा अहवाल वेळेवर छापला जातो. प्रार्थनेच्या वाट्याला बैठकीच्या सुरुवातीची दोन मिनिटं येतात. या शिस्तीतून आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे. तरीही तिकडचे दोन्ही पक्ष आणि इकडची ही पद्धत एकच गोष्ट गृहीत धरतात: खोली, म्हणजे दार लावून केलेली प्रार्थना, हे एक खातं; रस्ता, म्हणजे बाहेरचं काम, हे दुसरं. मला हे मुळातच चुकीचं वाटतं. बाहेर कुठे जायचं, कोणाकडे जायचं आणि काय घेऊन जायचं, हे बंद दाराआड ठरतं. तिथे काहीच ठरत नसेल, तर प्रार्थना कुठेतरी अडली आहे. आणि तिथे न ठरवता निघालेलं मिशन थोड्याच दिवसांत आकडे मोजू लागतं किंवा थकून चिडचिडं होतं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातला कफर्णहूमचा प्रसंग या दृष्टीने वाचून पाहावा. आदल्या संध्याकाळी सारं गाव दाराशी जमलेलं होतं. प्रभू येशू अंधार असतानाच उठून एकांती गेला आणि प्रार्थना करत राहिला. शिष्य शिमोन आणि त्याचे सोबती शोधत आले; सगळे तुला शोधत आहेत, असं त्यांनी सांगितलं. आजची कोणतीही समिती म्हणाली असती की परत चला, मागणी आहे, जागा तयार आहे, लोक जमले आहेत. येशूने उत्तर दिलं की आसपासच्या गावांत जाऊ, तिथेही मला घोषणा करायची आहे. पस्तिसाव्या वचनातली प्रार्थना आणि अडतिसाव्या वचनातला निर्णय यांच्यामध्ये गर्दीचं बोलावणं आहे, आणि ते बाजूला ठेवण्याचं बळ त्या पहाटेच्या एकांतातून आलेलं आहे. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न साधा आहे. गेल्या तीन महिन्यांत माझ्या प्रार्थनेमुळे माझ्या आठवड्याच्या कामांत एक तरी बदल झाला का? एखादी भेट वाढली का, एखादा मानाचा कार्यक्रम सुटला का?

मत्तयाच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी शिष्यांना सांगितलं जातं की पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत, तर कामकरी पाठवावेत म्हणून पिकाच्या प्रभूकडे प्रार्थना करा. लगेच पुढच्या अध्यायात तेच बारा जण पाठवले जातात. ‘देवा, कोणाला तरी पाठव’ ही प्रार्थना मनापासून करणाऱ्याचं स्वतःचंच नाव त्या यादीत येतं. प्रेषितांच्या कृत्यांतलं अंत्युखियाच्या मंडळीचं उदाहरण तर याहून अवघड आहे. उपास आणि उपासना चालू असताना त्यांना बर्णबा आणि शौल (पुढचा पौल) यांना मिशनच्या कामासाठी वेगळं करायला सांगण्यात आलं. आपले उत्तम शिक्षक त्यांनी पाठवून दिले. आपल्या मंडळ्यांच्या प्रार्थनासभांमधून ‘आमच्यातला सर्वांत कामाचा माणूस घे’ अशी विनंती किती वेळा होते?

प्रार्थनेतून तपशील कसा उभा राहतो, हे जुन्या करारातल्या नहेम्याकडून, पारसाच्या राजाच्या प्यालेबरदाराकडून, शिकावं. यरुशलेमेची पडकी भिंत आणि जळलेल्या वेशी यांची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. राजासमोर तो बोलला तो नीसान महिन्यात, म्हणजे मधले सुमारे चार महिने उपास, रडणं, पापांची कबुली यांत गेले. राजाने ‘तुला काय हवं’ असं विचारताच त्याच्याकडे नेमकी उत्तरं तयार होती: किती दिवस लागतील, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांच्या नावे पत्रं हवीत, राजाच्या वनाचा रक्षक आसाफ याच्याकडून वेशींसाठी, भिंतीसाठी आणि राहायच्या घरासाठी लाकूड हवं. इतकं बारीक नियोजन आणि इतकी दीर्घ प्रार्थना एकाच माणसाची आहे. आपल्याकडे प्रार्थना करणाऱ्याला नियोजनाचा कंटाळा आणि नियोजन करणाऱ्याला प्रार्थनेचा संकोच असतो. दोघांनी नहेम्याच्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं एकत्र बसून वाचावीत.

इतिहासातही हीच साखळी दिसते, आणि तिचं एक टोक थेट मराठी मंडळ्यांपर्यंत येतं. 1806 च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेसाठी जमले. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि तिथेच त्यांनी दूरच्या देशांसाठी प्रार्थना केली. त्या हालचालीतून 1810 मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली, 1812 मध्ये तिचे पहिले मिशनरी जहाजाने निघाले आणि 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत पोहोचले. अमेरिकन मराठी मिशन, अहमदनगरचं काम, 1842 मध्ये सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ नियतकालिक हे सारं त्या आडोशाच्या पुढचं आहे.

चीनमध्ये काम केलेला इंग्रज मिशनरी हडसन टेलर याने 25 जून 1865 रोजी ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर एकट्याने केलेली प्रार्थना मोजून-मापून केलेली होती: चोवीस कामकरी, चीनच्या ज्या अकरा आतल्या प्रांतांत कोणी नव्हतं त्या प्रत्येकासाठी दोन आणि मंगोलियासाठी दोन. ती मागणी त्याने आपल्या बायबलमध्ये तारखेसह लिहून ठेवली आणि लगेच दहा पौंड भरून ‘चायना इनलँड मिशन’ या नव्या मिशनच्या नावाने बँकेत खातं उघडलं. मागणी, तारीख, पहिलं पाऊल: तिन्ही एकाच आठवड्यात.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी 1905 च्या सुरुवातीला संजीवनासाठी, म्हणजे आत्मिक जागृतीसाठी, खास प्रार्थना सुरू केली. काही महिन्यांत साडेपाचशेच्या आसपास स्त्रिया आणि मुली दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनच्या अखेरीस तिथे जी जागृती झाली तिची वर्णनं आपल्याकडे पुष्कळ सांगितली जातात. तिच्या अगोदरचा भाग मात्र सहसा गाळला जातो. रमाबाईंनी बायबल वर्गातल्या मुलींना विचारलं होतं की नेहमीचा अभ्यास बाजूला ठेवून खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल. तीस जणी पुढे आल्या आणि त्या कामासाठी बळ मिळावं म्हणून रोज प्रार्थना करत असतानाच ती जागृती आली. मागणं बाहेर जाण्याचंच होतं. अनुभवासाठी अनुभव मागणाऱ्या सभांनी रमाबाईंचं नाव घेताना हे विसरू नये.

मग ज्याला घराबाहेर पडताच येत नाही त्याचं काय? फ्रान्समधल्या लिझ्युची तेरेझा पंधराव्या वर्षी जोगीण म्हणून कार्मेल मठात गेली आणि चोविसाव्या वर्षी, 1897 मध्ये, तिथेच वारली. दोन तरुण मिशनरी तिच्या प्रार्थनेवर सोपवलेले होते. त्यांतला एक चीनला गेला, दुसरा आफ्रिकेला. ती त्यांना पत्रं लिहीत असे आणि आपलं दुखणंसुद्धा त्यांच्या कामासाठी देवाला अर्पण करत असे. 1927 मध्ये कॅथलिक चर्चने तिला मिशनची आश्रयदात्री संत ठरवलं, ती फ्रान्सिस झेवियर यांच्या बरोबरीने. एक जण हजारो मैल फिरलेला, दुसरी मठाची वेस न ओलांडलेली. अंथरुणाला खिळलेल्या विश्वासी माणसाला ‘तुम्ही नुसती प्रार्थना करा’ असं म्हणताना आपण तो ‘नुसती’ शब्द गिळलेला बरा.

आता रोजच्या व्यवहाराबद्दल. अर्धा तास पुरतो. नव्याने सुरू करणाऱ्याने पंधरा मिनिटांवर थांबावं. जागा आणि वेळ ठरलेली असावी, कारण दोन्ही रोज नव्याने ठरवावी लागली तर पहिली दहा मिनिटं ठरवण्यातच जातात. फोन दुसऱ्या खोलीत. बायबल फोनवर वाचायची सवय असेल तर या वेळेपुरती छापील प्रत घ्यावी. सुरुवातीला एक स्तोत्र मोठ्याने, मग शुभवर्तमानातला दहा-पंधरा वचनांचा एक भाग दोनदा सावकाश. प्रवचनाची तयारी या वेळेत करू नये. पाळकांची आणि सुवार्तिकांची ही नेहमीची घसरण आहे: वचन वाचताना ‘हे रविवारी कामाला येईल’ असं मनात आलं की माणूस देवासमोरून उठून श्रोत्यांसमोर जाऊन बसतो.

त्यानंतर माणसांची नावं, आणि ती थोडी असावीत. मी सात सुचवेन, दर दिवसाला एक. पन्नास नावांची यादी आठवड्यात हजेरीपट होते. सातांपैकी निदान तिघं आपल्या मंडळीबाहेरची, रोजच्या वाटेवर भेटणारी असावीत. वहीत प्रत्येक नावापुढे तारीख, मागणी आणि एक मोकळा रकाना ठेवावा. ‘त्याला आशीर्वाद दे’ ही मागणी फार ढोबळ आहे. काय झालं म्हणजे ती ऐकली गेली, हे पुढे ओळखताच येत नाही. शेवटची पाच मिनिटं गप्प बसावं आणि मोकळ्या रकान्यात आज करायची एकच गोष्ट लिहावी: फोन, माफी, भेट, उसने परत करणं. ती दोन दिवसांत करता येईल इतकी लहान हवी. मोठा संकल्प लिहिला की तो वहीतच राहतो.

आणि यादीतल्या माणसांची काळजी घ्यावी. कोणाची अडचण ‘प्रार्थना विनंती’ म्हणून गटात टाकणं ही पुष्कळदा चुगलीच असते. त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव, आजार, घरातलं भांडण बाहेर जाऊ नये. तो लक्ष्य आहे असं समजूनही प्रार्थना करू नये. मायदेशी धर्मांतराचा वाद तापला की आपण कायद्याच्या भाषेत बचाव करतो, तो हक्क आहेच. पण त्याआधीचं उत्तर खोलीतलं आहे. पौलाने लिहिलं की मी लावलं, (सहकारी) अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढ देवाने दिली. वाढ देवाकडे सोपवून बाहेर पडलेल्या माणसाला दबाव आणावा लागत नाही, आमिष दाखवावं लागत नाही, किती जण आले ते मोजत बसावं लागत नाही. तो नकार ऐकूनही मैत्री ठेवू शकतो. जिथे आमिष आणि आकडे शिरले आहेत, तिथे एकांत आधीच सुटलेला आहे असं मी मानतो.

परदेशातल्या आपल्या लोकांत एक दोष वारंवार दिसतो. मायदेशाच्या गटातली प्रार्थना रोज ऑनलाइन ऐकली जाते, वेळेचा फरक सांभाळून, कामावर जाता-जाता, कानात इअरफोन घालून. मातृभाषेतली प्रार्थना कानी पडणं ही मोठी कृपा आहे, ती कोणी सोडू नये. पण ऐकलेली प्रार्थना म्हणजे केलेली प्रार्थना नव्हे. शिवाय त्या प्रार्थनेतली सगळी माणसं तिकडची असतात. भिंतीपलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याचं नाव वर्षानुवर्षं माहीत नसतं. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमधल्या यहुदी बंदिवानांना पत्रातून सांगितलं ते नेमकं याच जागी लागतं: ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या शांतीसाठी परमेश्वराकडे प्रार्थना करा. तिकडच्या मंडळ्यांत हाच दोष उलटा असतो. दूरच्या मिशन क्षेत्रासाठी तळमळ असते, शेजारची वस्ती मात्र प्रार्थनेत कधीच येत नाही.

हे चक्र उलट दिशेनेही फिरतं. लूकच्या अकराव्या अध्यायात मध्यरात्री मित्राचं दार ठोठावणारा माणूस स्वतःच्या भुकेसाठी ठोठावत नाही. प्रवासातून आलेला कोणीतरी त्याच्या घरी बसला आहे आणि त्याला वाढायला घरात काही नाही, म्हणून तो गेला आहे. बाहेरच्या माणसाला भेटून ‘माझ्याकडे याला द्यायला काही नाही’ हे उमगलेला माणूस जशी प्रार्थना करतो, तशी घरबसल्या करता येत नाही. म्हणून प्रार्थनेत परिपक्व झाल्यावर बाहेर पडू, असं कोणी म्हणत राहू नये. पहिल्याच आठवड्यात एका माणसाकडे जावं, रिकाम्या हाताने परतावं, आणि त्याच रात्री दार लावावं.

कोरडे दिवस येतातच. शब्द फुटत नाहीत, नावं नुसती वाचली जातात. अशा वेळी बहुतेक जण एकतर वेळ वाढवून स्वतःला पिळतात किंवा आठवडाभर टाळतात. दोन्हीपेक्षा दहा मिनिटं बरी: एक स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, त्या दिवसाचं एक नाव. आणि वहीत ठरवलेली भेट त्या आठवड्यात रद्द करू नये.