सिग्नलवरची भीक आणि ‘एकदा सगळ्यांना उचला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: भीक रोखणारा कायदा 1959 पासून आहे, तरी पुण्याच्या विद्यापीठ चौकात गाडी थांबली की काचेवर टकटक सुरूच. पोलिसांनी एकदा सगळ्यांना उचलावं, इंदूरसारखे भीक देणाऱ्यांवरही गुन्हे नोंदवावेत, लोकांनी मुलांचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकावेत आणि आमच्यासारख्यांनी कायद्याचा कीस पाडणं थांबवावं. कीस थोडा पाडावाच लागेल, कारण काचेवर टकटक करणारा प्रत्येक जण एकाच कायद्यात बसत नाही.

मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम ढिला आहे हा गैरसमज. कलम 4 खाली वॉरंटशिवाय पकडता येतं. कलम 5 प्रमाणे संक्षिप्त चौकशी होते आणि भीक मागत होता असं ठरलं, की किमान एक, कमाल तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. व्याख्या तर इतकी रुंद, की गाणं, नाच, भविष्य सांगणं किंवा काही विकण्याचा बहाणा करून पैसे मागणंही तिच्यात येतं. शब्दशः लावली तर पेठेत पहाटे येणारा वासुदेवही सुटत नाही! शिवाय उपजीविकेचं साधन दिसत नाही आणि माणूस रस्त्यावर भटकतोय, एवढंही पुरतं.

नेमकी गोम इथेच आहे. रस्त्यावरच्या माणसाला पकडायला पुरावा जवळपास लागत नाही. याउलट, दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यासाठी कलम 11 आहे, एक ते तीन वर्षं कैदेचं. पण तिथे मुलांना रिक्षातून कोण सोडतं, संध्याकाळी पैसे कोणाकडे जातात, हे सिद्ध करावं लागतं. मोहिमेत आकडा दाखवायचा असतो, मग सोपं कलम वापरलं जातं. पकडलेल्यांपैकी ज्यांचं कोणी आहे ते बंधपत्रावर सुटतात. म्हातारे, आजारी, मनोरुग्ण आत राहतात. टोळी चालवणारा बाहेरच. दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 ला याच कायद्याची अटकेची आणि डांबून ठेवण्याची कलमं दिल्लीपुरती रद्द केली, तेव्हा कलम 11 मात्र ठेवलं. पुण्यात अख्खा कायदा अजून लागू आहे.

इंदूरचं म्हणाल, तर तो कायदा नव्हे, 1 जानेवारी 2025 पासून लागू केलेला जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश. आपल्या अधिनियमात देणाऱ्याला शिक्षाच नाही. असा आदेश (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 163) एरवी दोन महिनेच टिकतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं, पण संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय कोर्ट त्याची दखल घेत नाही. दहा रुपये देणाऱ्या किती जणांमागे कोणी ती तक्रार लिहीत बसेल?

गाडी अडवून, मारहाणीची धमकी देऊन पैसे काढले जात असतील, तर ती भीक नव्हे, खंडणी आहे. न्याय संहितेचं कलम 308, सात वर्षांपर्यंत कैद. 112 ला फोन करताना ‘भिकारी त्रास देतात’ असं सांगितलंत तर प्रकरण हुसकावण्यावर मिटतं; ‘धमकी देऊन पैसे मागितले’ असं सांगा, चौक आणि वेळ द्या. पुणे स्टेशनच्या आवारात शिरलात की पुन्हा वेगळा कायदा: रेल्वे अधिनियमाचं कलम 144. तिथे भीक मागायला मनाई आहे, पण त्यासाठीची कैद-दंडाची शिक्षा 2023 च्या दुरुस्तीने काढली गेली.

मुलांचं मात्र पूर्ण निराळं. भीक मागणारं मूल आरोपी नसतं. बाल न्याय अधिनियम, 2015 प्रमाणे त्याला काळजी आणि संरक्षणाची गरज असते, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला कळवताना चौकाची नेमकी बाजू, मुलाचं अंदाजे वय, कपड्यांचा रंग आणि जवळ घुटमळणारा मोठा माणूस किंवा गाडीचा नंबर सांगा. यातली शेवटची माहिती सर्वांत मोलाची, कारण मुलाला भीक मागायला लावणाऱ्यावर कलम 76 (पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड) लावायला तिचाच आधार मिळतो. ती नसेल तर पालक येतात, हमी लिहून देतात, मूल घरी जातं आणि बऱ्याचदा पुन्हा सिग्नलवर दिसतं.

फोटो ग्रुपवर टाकू नका. अशा मुलाची ओळख उघड करणं कलम 74 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काढलाच असेल तर पोलिसांना किंवा समितीला द्या आणि ग्रुपवरून लगेच काढून टाका.