बेबने हार मानलेली नाही

‘द पजामा गेम’ या १९५७ सालच्या सिनेमाच्या शेवटाबद्दल एक मजकूर सध्या आमच्याकडच्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातली बेब प्रेमापायी संप मोडते, पगारवाढ मिळते ती मॅनेजरच्या कृपेने, आणि खऱ्या आयुष्यात असं गोड काही होत नसतं, आपल्या गिरण्यांचं काय झालं बघा. वेंगुर्ल्यात मी सतरा वर्षं नगावर शिवणकाम करते. हे वाचून मला राग आला.

मोडायला तिथे संप झालेलाच नसतो. ताशी साडेसात सेंट वाढ हवी म्हणून बाया मुद्दाम सावकाश काम करतात, संपाची नुसती तयारी चाललेली असते. बेब युनियनच्या तक्रार समितीची प्रमुख. ती लाथ घालून मशीन बंद पाडते आणि ज्याच्यावर जीव जडलाय तो मॅनेजर सिडच तिला कामावरून काढतो. तरी ती मागे फिरत नाही. वाढ पदरात पडायच्या आधी, युनियनच्या सभेत ती साडेसात सेंटांचा हिशोब गाऊन दाखवते: इतक्या वर्षांत इतके साठतील, त्यात काय काय येईल. बेब झालेल्या डॉरिस डेचा तेव्हाचा चेहरा बघा आणि मग हार मानली म्हणा.

आता कृपा. सिड मालकाच्या सेक्रेटरीकडून किल्ली मिळवून हिशोबाची वही उघडतो. साडेसात सेंट मालकाने मालाच्या खर्चात आधीच धरलेले असतात. बायांच्या नावाने पैसे जमत होते आणि मालकाच्या खिशात जात होते. हे हाती लागल्यावर मालकाला वाढ द्यावीच लागते. (किल्लीसाठी त्या ग्लॅडिसला बाहेर नेऊन पिऊ देणं मला मुळीच पटलेलं नाही. त्यावर टीका करा, मी तुमच्या बाजूने.) पण सिडला वही उघडावीशी का वाटली? माल अडला होता आणि बेब दुरावली होती, म्हणून. ती वेळ बायांनीच आणली.

ही वही मी पाहिलेली आहे. दोन वर्षांमागे आम्ही पाचजणी शाळेच्या गणवेशांचं काम घेत होतो. एका शर्टामागे ३ रुपये ‘धागा-बटणाचे’ म्हणून कापले जायचे. एकदा माल न्यायला टेम्पो आला तेव्हा गठ्ठ्यावरची पावती शेजारच्या काकींनी वाचली. धागा-बटण वेगळं लावून गिऱ्हाइकाकडून घेतलेलंच होतं. काकी एवढंच म्हणाल्या, “वही बघल्याशिवाय पैशे घेव नको.” चार दिवस आम्ही काज-बटणाला हात लावला नाही. शाळा सुरू व्हायला आठवडा होता. कापलेले पैसे आले. ठेकेदाराच्या माणसाने ते आणून दिले म्हणून ती त्याची कृपा झाली का?

गिरण्यांचं दुःख आमच्याच घरातलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार उतरले, त्यांत कोकणातले किती! माझे बाबा लालबागहून वळकटी बांधून परत आले ते कायमचे. पण सगळ्या मुंबईच्या गिरण्यांचा लढा आणि ऑर्डरी अडलेला एक कारखाना यांना एका मापाने मोजू नका. आणि हरले म्हणून मागणी खोटी होती, असं बाबांनी कधी म्हटलं नाही. दुसऱ्या कुणी जिंकलं की त्यांना आनंदच व्हायचा.

राहिला शेवटचा प्रसंग. पायजम्यांचा जल्लोष आणि एकच जोड दोघांत वाटून घेतलेला, वरचा सदरा बेबच्या अंगात, खालचा पायजमा सिडच्या. मजकुरात याला शरणागती म्हटलंय. क्रम बघा की. वाढ आधी झालीय, सदरा तिने नंतर घातलाय.