आठ कोरचा फोन, चार कोरचा डेस्कटॉप आणि एक चुकलेला हिशेब

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: आजच्या कुठल्याही साध्या फोनमध्ये ८ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) असतात, जुन्या डेस्कटॉपमध्ये ४च. फोनची चिप ६ नॅनोमीटरची, डेस्कटॉपची ३२ची. फोनचा बेंचमार्क स्कोअर, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचणीतले गुण, लाखांत जातो, शिवाय फोनवर सगळं झटक्यात उघडतं. म्हणून जुना पीसी भंगारात काढा. हे वाचून लोक चालती मशीन खरंच काढून टाकतात, ते बघवत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“८ कोर म्हणजे ४च्या दुप्पट.” पटकन पटणारा मुद्दा हाच, आणि सगळ्यात जास्त फसवणाराही हाच. कोर म्हणजे काही ठरलेलं माप नव्हे. २०१६ सालच्या स्नॅपड्रॅगन ६२५ या फोनच्या चिपमध्ये ८ कोर होते, आठही कॉर्टेक्स-ए५३ प्रकारचे. हा कोर मुळात बॅटरी वाचवण्यासाठी बनवलेला. प्रोग्रॅममधल्या सूचना ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने तो चालवतो, एका क्लॉकला (प्रोसेसरच्या एका ठोक्याला) फार तर दोन. एखादी सूचना मेमरीतून डेटा यायची वाट बघत अडली, की तिच्याशी काही संबंध नसलेल्या मागच्या सूचनाही ताटकळतात. आता २०११ सालचा डेस्कटॉपचा प्रोसेसर इंटेल कोअर आय७-२६००के घ्या. कोर ४च, पण प्रत्येक कोर एका क्लॉकला चार सूचना डीकोड करतो, म्हणजे उलगडून घेतो, अडलेली सूचना बाजूला ठेवून पुढच्या उरकून घेतो, आणि क्लॉक ३.४ गीगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३.४ अब्ज ठोके. त्या फोनच्या चिपचा २. शिवाय रोजच्या बऱ्याच कामांचा भार एखाददुसऱ्या कोरवरच पडतो, तिथे उरलेले कोर नुसते बसून असतात. अलीकडच्या मधल्या श्रेणीतल्या फोनमध्येही दोन मोठे आणि सहा छोटे कोर ही मांडणी नेहमीची आहे. डब्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘८’ छापलेलं असतं.

याच्या उलट “फोन म्हणजे खेळणं” असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचंही मला पटत नाही. ॲपलच्या २०२० सालच्या ए१४ या फोनच्या चिपमधला मोठा कोर एका क्लॉकला आठ सूचना डीकोड करतो. एका कोरच्या कामात तो २६००केला सरळ मागे टाकतो. मेमरीचंही तेच: एलपीडीडीआर५ प्रकारची मेमरी वापरणारे महागडे फोन सेकंदाला ५१ गीगाबाइटपर्यंत डेटा हलवू शकतात, तर २६००केची दोन चॅनेलची डीडीआर३-१३३३ मेमरी साधारण २१. मेसेज चुकतो तो “कुठल्याही साध्या फोनमध्ये” या शब्दांत.

नॅनोमीटरचा मुद्दा लवकर संपतो. ३२ काय आणि ६ काय, ही आता चिप बनवण्याच्या प्रक्रियेच्या पिढ्यांची नावं आहेत. नव्या पिढीत तेवढ्याच विजेत जास्त काम होतं, पण ३२ला ६ने भागून ‘पाचपट वेग’ निघत नाही.

स्कोअरचं काय? फोनवर लोक चालवतात त्या अँटुटू या चाचणीच्या एकूण आकड्यात प्रोसेसरबरोबर ग्राफिक्स, मेमरी आणि स्क्रीनवरच्या हालचालींचेही गुण मिसळलेले असतात. तो आकडा डेस्कटॉपवरच्या दुसऱ्याच चाचणीच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही. एकाच चाचणीच्या दोन आवृत्त्यांतही फसगत होते. गीकबेंच या चाचणीच्या ५व्या आवृत्तीत १००० गुण म्हणजे कोअर आय३-८१०० या प्रोसेसरइतका वेग, तर ६व्या आवृत्तीत २५०० गुण म्हणजे कोअर आय७-१२७०० इतका. पट्टीच बदलली.

आणि स्कोअर सांगत नाही ती गोष्ट म्हणजे दम. फाइली दाबून लहान करणाऱ्या सेव्हन-झिप या प्रोग्रॅमची बेंचमार्क चाचणी मी माझ्या फोनवर आणि जुन्या डेस्कटॉपवर लागोपाठ चालवून पाहिली. प्रत्येक फेरीनंतर आकडा दिसतो. फोनच्या पहिल्या काही फेऱ्या खरंच जोरदार होत्या. मग कॅमेऱ्याजवळची पाठ तापायला लागली, आकडे घसरू लागले, आणि कव्हर काढल्यावर जरासे सावरले. डेस्कटॉपचा पंखा घरघरत राहिला आणि आकडा शेवटपर्यंत जवळपास तोच. कारण सरळ आहे. २६००केचं रेटिंग ९५ वॉटचं आणि त्यावर हीटसिंक, पंखा. बहुतेक फोनना पंखाच नसतो, आणि काही मोजक्या वॉटपलीकडची उष्णता सतत बाहेर टाकणं त्यांना जमत नाही. मेसेज उघडायला एवढा दम लागत नाही. तासभराचं रेंडरिंग, म्हणजे व्हिडिओ किंवा चित्र हिशेब करून तयार करणं, त्याला लागतो.

राहिला “झटक्यात उघडतं” हा मुद्दा. अनुभव खरा आहे, पण दोष भलत्याच्याच माथी मारलाय. जुन्या डेस्कटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ७२०० वेळा फिरणारी हार्ड डिस्क असते. तिची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची, त्यात हेड सरकवायचा वेळ वेगळा. विखुरलेले तुकडे वाचायचे झाले तर सेकंदाला शंभरेक वाचनं होतात. फोनमधल्या फ्लॅश स्टोरेजमध्ये फिरणारं काही नसतं, तिथे ती हजारोंनी होतात. प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत रिकामा असतो. टास्क मॅनेजर उघडून बघा: डिस्क १०० टक्के, सीपीयू पाच-दहा टक्क्यांवर. त्याच मशीनला साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारं फ्लॅश स्टोरेज) लावा, त्यावर सिस्टीम टाका, आणि मग फोन शेजारी ठेवून ब्राउझर उघडून बघा.