साहेबी काटकसरीचे धडे

महागाईने कंबर मोडली असेल तर भाजीवाल्याशी घासाघीस करण्यात दम घालवू नका. १८९३ सालचे कलेक्टर व्हा. फक्त जन्म विलायतेत घ्यायला विसरू नका, पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

आता आपली दैना पाहा. पगार महिना दोन हजार. पूर्वी रुपयाला दोन शिलिंग येत, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे दोनशे पौंड झाले. पुढे चांदी गडगडली, चांदीचा रुपया एक शिलिंग दोन पेन्सांवर, म्हणजे चौदा पेन्सांवर आला आणि दोनशेचे जेमतेम एकशे सोळा उरले. मुले तिकडे शाळेत, मेमसाहेब उन्हाळ्यात महाबळेश्वरला. खानसामा, भिश्ती, माळी, धोबी, पंखेवाला यांतला कोणाला कमी करणार? पंख्याची दोरी स्वतः ओढली तर राज्य कोण करील?

तेव्हा अर्ज करा. अर्जात ‘उपासमार’ हा शब्द वापरू नका, तो दुष्काळाच्या फायलीत लागतो. ‘विनिमयाचा दर’ म्हणा. सरकार हेलावते आणि अर्धा पगार रुपयाला दीड शिलिंग या भावाने धरून फरक भरून देते. चौदा पेन्सांच्या दराने हा भत्ता महिना २८५ रुपयांच्या आसपास जातो. पैसे खरोखर घरी पाठवता का, असा आगाऊ प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच वेळी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गोखले नावाचे प्राध्यापक ७५ रुपयांत महिना काढत होते. १८९७ मध्ये ते लंडनला हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्षीला गेले आणि या भत्त्यावरही बोलले. हिशेब येणाऱ्या माणसाला बोटीचे तिकीट मिळू देणे ही आपली चूकच.

भत्त्याने भागले नाही तर सहकाराकडे वळा. लंडनच्या पोस्टातल्या कारकुनांनी १८६४ च्या सुमारास घाऊक चहा आणून आपसांत वाटून घेतला, तिथून हे खूळ निघाले. १८७१ मध्ये लष्कर-आरमारातल्या अधिकाऱ्यांना वाईन महाग वाटू लागली आणि त्यांनी ‘आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ काढली. १८९१ पासून ती मुंबईतही आली. काळ्या घोड्याजवळची तिची इमारत अजून उभी आहे. आपण ना लष्करातले ना आरमारातले, पण सभासदाची ओळख काढता येते. ओळख काढणे हे तर आपले खातेच. मग जाडजूड कॅटलॉग मांडीवर घ्या आणि घडीच्या खाटेपासून सोला टोपीपर्यंत काटकसर करत सुटा.

रयतेचे काय, असे कोणी विचारलेच तर सांगा की तिलाही वगळलेले नाही. १८८८ मध्ये तिच्या मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच केला, त्याच्या कारणांत घसरता रुपयाही होता.

आणि आपण कलेक्टर नसून त्यांच्याच कचेरीतले पंधरा रुपयांचे कारकून असाल, तर हा लेख इथवर वाचल्याबद्दल आभार. जोंधळा आपल्यालाही महाग झाला आहे, हे खरे. पण भत्ता इथल्या माणसाला लागू नाही. सहकाराचा कायदा १९०४ मध्ये येईल, तोही पतपेढ्यांपुरता. साहेबांना वाईन एकत्र घेता येते, आपल्याला कर्ज एकत्र घेता येईल. तेल-तांदूळ एकत्र आणण्याची सोसायटी त्या कायद्याखाली नोंदवायची म्हणाल, तर १९१२ पर्यंत धीर धरा. तोवर कोपऱ्यावरच्या वाण्याशी गोडीने वागा, उधारी तोच देणार आहे.