किती दिवसांचा खोकला?

खेळाचं नाव मी सांगणार नाही. ज्यांनी खेळलाय त्यांना ते कळेलच. पण घोडे, पिस्तुलं आणि 1899 सालची अमेरिका असलेला एखादा गेम ज्यांनी "सवडीने खेळू" म्हणून बाजूला ठेवलाय, त्यांनी कृपया इथूनच माघारी फिरावं. एवढी माणुसकी आमच्या सोसायटीत फक्त माझ्याकडे शिल्लक आहे.

गेम आला ऑक्टोबर 2018 मध्ये, तोही फक्त कन्सोलवर. पीसीवर यायला नोव्हेंबर 2019 उजाडला आणि तो पेलेल असा पीसी आमच्या घरी यायला त्याहून कितीतरी वर्षं गेली. मध्ये घराचे हप्ते होते, मुलीची शाळा होती, ग्राफिक्स कार्डांच्या किमती होत्या. गेमला डिस्कवर 150 जीबी जागा लागते. ती करायला मी मुलीच्या बारशाचं शूटिंग पेनड्राइव्हवर हलवलंय. हे घरात अजून कोणाला माहीत नाही, आणि पेनड्राइव्ह कुठे आहे हे मला.

या सगळ्या काळात गोष्टीचा शेवट कानावर येऊ न देणं ही माझी अर्धवेळ नोकरी होती. यूट्यूबवर कुठल्याही टोपीवाल्या माणसाचं चित्र दिसलं की मी डोळे मिटून अंगठ्याने स्क्रीन वर सरकवायचो. ऑफिसच्या ग्रुपवर फक्त नायकाचं नाव आलं तरी मी ग्रुप सोडायचो, आणि मॅनेजर मला "नाराज आहेस का?" विचारत परत घ्यायचा. एकदा सकाळच्या लोकलमध्ये शेजारी उभी असलेली दोन कॉलेजची पोरं "अरे, शेवटी तो..." एवढं बोलली आणि मी मुलुंडला उतरलो. गर्दीच्या वेळी ठाण्याला चढलेल्या माणसाने मुलुंडला उतरून पुन्हा गाडीत शिरणं म्हणजे काय, हे ठाणेकराला समजावून सांगायला नको.

शेवटी गेम सुरू झाल्यावरही मदत कुठे शोधायची सोय नव्हती. घोड्याला खरारा कसा करायचा हे विचारायला गेलं की सर्चच्या खोक्यात नायकाच्या नावापुढे भलतेच प्रश्न आपोआप उगवतात म्हणे. म्हणून मी विचारलंच नाही. माझा घोडा बरेच दिवस तसाच चिखलाने बरबटलेला फिरत होता.

आणि मग गेल्या रविवारी खजिनदार काका आले.

नौपाड्यातली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची आणि पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर कायमची उभी. काका संमतीपत्रांची फाइल घेऊन वर निघाले होते. तिसऱ्या मजल्यावर धाप लागली आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. बायकोने चहा टाकला. मी मोठ्या टीव्हीला पीसी जोडून बसलो होतो. काकांबद्दल एक गोष्ट मला ऐकून माहीत होती, पण तिचा इथे काही संबंध येईल असं कोणाला वाटेल? पालिकेच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी क्षयरोगाच्या विभागात गेली. लॅब टेक्निशियन. थुंकीचे नमुने तपासायचे.

"सिनेमा कुठला हा?"

"सिनेमा नाही काका, गेम आहे."

"मग तू नुसता बघत का बसलायस?"

"आत्ता गोष्ट चाललीये. ती थांबली की खेळायचं."

पडद्यावर आमचा नायक टोळीतल्या सावकाराच्या वसुलीला एका शेतावर गेला होता. कुंपणाशी एक हडकुळा शेतकरी. पैसे नाहीत म्हणतोय. नायकाने त्याची गचांडी धरली. गेमची अजून सुरुवातच, असली किरकोळ कामं चालू होती.

काकांचं बिस्किट चहात बुडलेलं होतं, ते वर आलंच नाही.

"किती दिवसांचा खोकला?"

"कोणाला?"

"त्या शेतकऱ्याला. किती दिवस खोकतोय?"

"काका, तो पडद्यावर येऊन एक मिनिट झालंय."

"गाल बघ त्याचे. गळ्याची हाडं बघ. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायची, नियम आहे. आणि हा तुझा माणूस त्याला गदागदा हलवतोय! सोड म्हणावं त्याला."

"ते आत्ता माझ्या हातात नाही."

"मग गेम कसला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात शेतकऱ्याला उबळ आली आणि तो नायकाच्या तोंडावरच खोकला. रक्ताचे शिंतोडे. नायकाने तोंड पुसलं, बायको-मुलगा धावत आले. काकांनी कप संमतीपत्रांवर ठेवला.

"मागे घे जरा."

"मागे जात नाही हे."

"एवढं महागाचं मशीन, आणि मागे जात नाही?" मग खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर चढवून, निकाल हातात देताना देत असतील त्या आवाजात ते म्हणाले, "तुझा माणूस गेला."

"काका, नको. पुढचं नको."

"अरे, इतक्या जवळून, थेट तोंडावर..."

बायकोला वाटलं, सोसायटीतलं कोणी गेलं. ती गाळणं हातात घेऊन बाहेर आली. "कोण हो?"

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "काका, संसर्ग झाला म्हणजे प्रत्येकाला रोग होतोच असं थोडंच आहे?"

"बरोबर आहे तुझं." काका एकदम शांत झाले. "संसर्ग झालेल्या 100 जणांतल्या 90 जणांना आयुष्यात कधी टीबी होत नाही."

मी श्वास सोडला.

"पण ते खऱ्या माणसांचं. गोष्टीत कोणी उगाच खोकत नसतं." मग पुन्हा पडद्याकडे बघत, "साल कुठलं आहे?"

मी गप्प बसलो. "1899," बायको म्हणाली. या गेमकडे तिने आजवर फक्त "बंद कर" म्हणण्यापुरतं पाहिलंय. पण सुरुवातीलाच साल लिहून येतं आणि ते नेमकं तिने वाचलेलं.

काका बोटांवर मोजू लागले. "कॉखने जंतू शोधला 1882 मध्ये. म्हणजे डॉक्टर बरा असला तर रोग ओळखेल. एक्स-रे 1895 चा, पण तो या आडरानात कुठून यायचा? आणि औषध? स्ट्रेप्टोमायसिन 1943. चव्वेचाळीस वर्षं. थांबेल हा चव्वेचाळीस वर्षं? डॉक्टर म्हणेल, कुठेतरी कोरड्या, उबदार हवेला जाऊन विश्रांती घे. आणि हा कसली विश्रांती घेतोय! दारू, सिगरेट, थंडीत तंबूत झोपायचं." मग फाइल झटकून, चहाचा गोल डाग माझ्याच फ्लॅटच्या कागदावर आलाय हे बघून न बघितल्यासारखं करत, "बरं, इथे सही कर."

आता यात काकांची चूक काय, असं सगळे मला विचारतात. त्यांनी गेमचं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. हेच तर दुखणं आहे! यूट्यूबपासून, लोकलपासून, ऑफिसपासून मी स्वतःला वाचवलं. पण निदानापासून कसं वाचवणार?

मेहुण्याला सांगितलं तर तो हसला. त्याने कुठेतरी वाचलंय की गोष्टीचा शेवट आधी कळला तर उलट जास्त मजा येते. असं संशोधन झालंय, 2011 मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत, हे खरं आहे. पण त्यांनी लोकांना वाचायला दिल्या होत्या लघुकथा. एका बैठकीत संपणाऱ्या. इथे नुसती मुख्य गोष्ट 50 तासांच्या घरात जाते, आणि नोकरी करणारा माणूस हे 50 तास मुलगी झोपल्यावर, हेडफोन लावून, अर्ध्या-अर्ध्या तासाने गोळा करतो. माझे त्यात पावसाळा, गणपती आणि बहुधा दिवाळी जाणार आहे.

शिवाय त्या प्रसंगाची खरी करामत ही की तो विसरला जावा म्हणूनच तसा रचलाय. एक फुटकळ वसुली, एक खोकणारा शेतकरी, मग ट्रेन लुटायची, अस्वलाची शिकार करायची, मासे पकडायचे. जगभरच्या लोकांनी तो शेतकरी डोक्यातून काढून टाकला आणि कितीतरी तासांनी त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. मला ते विसरणं मिळालंच नाही. माझा नायक घशाशी जरासा खाकरला तरी मी दचकतो. धूळ गेली असेल, म्हणतो. हवा बदलली असेल, म्हणतो.

मॅच रेकॉर्ड करून रात्री बघणाऱ्या माणसाला सगळी बिल्डिंग सांभाळून घेते. लिफ्ट असती तर लिफ्टमध्येसुद्धा स्कोअर कोणी बोललं नसतं. पण चाळिशीच्या माणसाने गेमबद्दल "सांगू नका" म्हटलं की तो पोरकटपणा. "द लास्ट ऑफ अस पार्ट टू" 19 जून 2020 ला यायचा होता आणि एप्रिलमध्येच त्यातले प्रसंग फुटले. लॉकडाऊनमध्ये घरी बसलेले लोक, ज्यांचा गेमशी काडीचा संबंध नाही अशांच्या फोटोखालीसुद्धा शेवट लिहून जात होते. त्यातून त्यांना काय मिळालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. "फायनल फँटसी सेव्हन" 1997 चा. त्यात कोण मरतं हे मला माहीत आहे, आणि मी तो गेम कधी उघडूनही पाहिलेला नाही. "एवढा जुना आहे, आता काय लपवायचं?" असं म्हणतात. जुना तुम्हाला! मला तो अजून कोरा होता.

असो. राग गिळून मी पुढे खेळत राहिलो असतो. पण बुधवारी संध्याकाळी काका परत आले, सोबत त्यांच्याच विभागातले एक निवृत्त सहकारी. सेकंड ओपिनियन. दोघे सोफ्यावर बसले. सहकाऱ्यांनी आधी पेशंटचं वजन विचारलं. गेममध्ये नायकाचं वजन कमी-जास्त होतं आणि मेनूत बघता येतं, हे मी उगाच बोलून गेलो. तेव्हापासून रोज व्हॉट्सॲपवर वजन कळवावं लागतं. मग संपर्कातल्यांची चौकशी सुरू झाली.

"तंबूत याच्या शेजारी कोण झोपतं?"

"बरेच आहेत. वीसेक माणसं आहेत टोळीत."

"लहान मूल आहे का?"

"आहे एक. मुलगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला माझ्या सर्व शक्तीनिशी त्या पाहण्याचा अर्थ कळून घ्यायचा नव्हता.

आता काका मुलीकडे पुण्याला गेलेत, गणपती करून येणार. जाताना जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर थांबून बजावून गेले, मी नसताना पुढे जाऊ नकोस. मी म्हटलं, काका, तुम्हीच तर सगळं सांगून टाकलंत, आता तुम्हाला काय बघायचंय?

"ते निदान होतं," काका म्हणाले. "गोष्ट मला कुठे माहीत आहे? आणि चुकून खेळलासच, तर फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. मला आधी कळलेलं अजिबात आवडत नाही."