बाँ जेझूच्या लाल भिंतींबद्दल खुलासा

जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू बासिलिकेचे फोटो सध्या एका दाव्यासह फिरताहेत: ‘बांधणाऱ्यांनी ती मुद्दामच गिलाव्याविना लाल ठेवली.’ हे खरं नाही. 1605 मध्ये अभिषेक झालेल्या या चर्चवर शेजारच्या से कॅथेड्रलसारखाच चुन्याचा पांढरा गिलावा होता. तो विसाव्या शतकाच्या मध्यावर, पोर्तुगीज राजवटीतच काढला गेला. भिंतींचा लाल जांभा हा सच्छिद्र दगड, त्यात कोकणपट्टीचा पाऊस! झीज व्हायचीच. म्हणूनच पुन्हा गिलावा करण्याची मागणी होते. दर्शनी भागातला काळा दगड मात्र मूळचाच, थेट वसईहून आणलेला.